सांधणी

येळ्ळूरची मुलगी वही घेऊन आली, संयोगिता पाखरे.
वहीच्या मागच्या पानांवर धाकट्या भावाचे कन्नड पाढे,
पुढून तिची कथा.
"सर, गुरूशिवाय लिहिता येत नाही म्हणतात."
कोण म्हणतं, ते तिला आठवेना.

मी चहा ठेवला. उत्तर नसलं की मी चहा ठेवतो.

तुझ्याएवढा होतो तेव्हा
पहिली कथा पुण्याला पाठवली होती, एका मोठ्या माणसाकडे.
अकरा महिन्यांनी परत आली.
'काय करूलालास' जिथं जिथं होतं तिथं
लाल शाईत 'काय करतो आहेस'.
त्रेचाळीस वेळा. मोजलंय मी.
समासात एकच ओळ: भाषा धुऊन घ्या.
धुतली.
मग माझी आत्ती चुलीपुढं बसून
आकाशवाणीवरच्या बातम्या दिल्यासारखी बोलायला लागली
आणि कथेतल्या कुणालाच ती ओळखू येईना.
त्या माणसानं वाईट नव्हतं चिंतलं.
परतीच्या टपालाचा खर्चही त्यानंच केला होता.

दुसरा रुद्राप्पा ढवळी.
वडगावात मागांवर सांधणीचं काम.
जुन्या ताण्याचं टोक, नव्या ताण्याचं टोक,
चिमटीत राख, एक पीळ,
असे दिवसाला तीन हजार धागे.
मराठी ऐकायचा, वाचायचा नाही.
वीज गेली की कारखाना एकदम मुका व्हायचा,
तेव्हा मी वाचायचो.
एकदा माझ्या कथेतली बाई
मध्यरात्री घर सोडून निघाली, चांदणं वगैरे होतं.
रुद्राप्पा मान वर न करता म्हणाला,
"चप्पल घातली काय तिनं?"

मला माहीत नव्हतं.
घातली तर सोप्यात वाजणार, सासरा जागा.
नाही घातली तर बाहेर खडी, रस्त्याचं काम अर्धवट.
चार रात्री मी ती चप्पल शोधत होतो
आणि शेवटी बाई गेलीच नाही.
माझी तीच एक कथा लोक अजून विचारतात.

आणखी एका कथेला तो काहीच बोलला नाही.
चुना मागितला फक्त.
ती मी तशीच छापायला दिली. बक्षीस मिळालं.
मोठ्यानं वाचायची हिंमत आजतागायत नाही.

आता ह्याला गुरू म्हणावं?
म्हटलं असतं तर हसला असता,
राखेची बोटं धोतराला पुसत.

संयोगिताची कथा पाट्या रंगवणाऱ्याची.
दिवसा दोन्ही लिप्या लिहितो,
रात्री हुकूम येईल ती पुसतो.
तिसऱ्या पानावर 'रवी अस्ताचलाला गेला होता'.
माझा हात लाल पेनाकडे गेला.
गेला, खोटं कशाला सांगू.
टोपण निघेना, तेवढ्यात तोंडातून निघालं,
"नवा रंग ओला असताना
खालचं जुनं अक्षर दिसतं काय गं?"

ती गप्प. चहावर साय.
मग वही उचलली. "बघून सांगते."
शेवटची बस होती तिची.

दीड महिना झाला. आली नाही.
कथा सोडली असेल, मला सोडलं असेल,
किंवा कुठल्या तरी शिडीखाली उभी असेल.

काल खडेबाजारात मीच थांबलो,
मान वर करून, बराच वेळ.
रंगारी वरनं ओरडला,
"काय बघूलालासा ओ?"