नव्वद दिवस

फाटकाशी फोन ट्रेमध्ये ठेवायचा, पितळी बिल्ला घ्यायचा.
माझा कप्पा एकोणतीस.
सोहारच्या या नोंदणी कचेरीत
अकरा वर्षं हे असंच.

दर नव्वद दिवसांनी पासवर्ड बदला.
घरच्यांची नावं नकोत, जन्मतारीख नको,
कागदावर लिहू नका, कुणाला सांगू नका.
खौलाने परिपत्रक वाचून दाखवलं, वर म्हणाली,
मलासुद्धा नाही हं, हफ्सा.

माणसं वगळली, तेव्हा उरलेलं गाव कामाला आलं.
दाभोळची फेरीबोट. परसातला फणस.
कालवांचा खडक.
मामूंची होडी, आणि तिच्या बुडाला फासायचं ते डांबरसुद्धा.
प्रत्येकामागे एक आकडा, एक उद्गारचिन्ह,
जणू दारातून कुणी हाक मारतंय.

वापरलेला शब्द पुन्हा चालत नाही.
वादळात फणस आडवा झाला, भावाने फोटो धाडला;
इथे तो दोन वर्षं आधीच बाद होता.

काल सूचना आली: तीन दिवस उरले.
रात्री भावाला विचारलं,
आपली ती लंगडी शेळी, तिला काय म्हणायचो रे?
कशाला गं?
असंच.
तो हसला, मग बराच वेळ गप्प,
मग आठवलं त्याला.

सकाळी तळहाताचा आडोसा करून टाइप केलं.
मध्यम, म्हणाला पडदा. आणखी एक आकडा घाला.

विहिरीच्या पायऱ्या किती होत्या?
डोळे मिटून उतरले
पाण्यापर्यंत.