झीज वगळून

ओडोमीटरवर एक लाख बारा हजार चारशे सहा.
कुर्टीच्या शोरूममध्ये शाणू नार्वेकरनं
त्या आकड्यावर तळवा ठेवूनच किंमत सांगितली,
मग फाईल उघडली. वाढीव वॉरंटी, दोन वर्षं
किंवा वीस हजार किलोमीटर, जे आधी संपेल ते.
मी सहीआधी वाचते. सवय आहे.
मडगावच्या लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त वाचते.
इंजिन आहे, गिअरबॉक्स आहे, एसीचा कॉम्प्रेसरसुद्धा.
आणि सातव्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत:
नैसर्गिक झीज वगळून.

म्हणजे?
म्हणजे वापरून जे जातं ते, मॅडम.
मग न वापरता काय जातं?
शाणू हसला. पायपुसण्या फुकट दिल्या त्यानं.

डॅशबोर्डच्या कप्प्यात आधीच्या मालकाची वही.
नाव नाही. निळी शाई, डावीकडे कललेलं अक्षर.
'चवथीआधी ऑइल.'
'चवथीआधी ऑइल, फिल्टर. पुढचे ब्रेक पॅड.'
'चवथीआधी ऑइल. बाबांना दवाखान्यात नेलं, उशीर झाला.'
चौऱ्याण्णव हजारांनंतर पानं कोरी.
सीटखाली वाळू, मुलीची एक पिन,
एअर फिल्टर आपटला तर खाणीची लाल धूळ,
अजून, इतक्या वर्षांनी.

शिरोड्याला बाजारामागे आगुस्तीनचं गॅरेज.
त्यानं ऑइलची सळी काढून फडक्याला पुसली.
मीही वाकले. काळं, पातळ, बोटावर चोळलं तर जळका वास.
असा नमुना आला की आम्ही माणसाला
पुन्हा बोलावतो, उपाशीपोटी.
मग बॅटरीच्या उजेडात त्यानं टायमिंगचा पट्टा दाखवला.
बारीक भेगा, मे महिन्यातल्या टाचेसारख्या.
"बाय, हो आज तुटचो ना.
पूण तुटतलो. आनी सांगून तुटचो ना."

शाणूला फोन लावला.
तुटलाय का?
नाही.
मग क्लेम बसत नाही, मॅडम.
आणि तुटल्यावर?
तुटल्यावर कंपनी विचारणार, आधी का बदलला नाही.
मी जरा वेळ फोन कानाशीच धरून उभी.
आगुस्तीननं तोवर दहाचा पाना शोधून ठेवला होता.

पट्टा, टेन्शनर, पाण्याचा पंप, कूलंट, ऑइल:
नऊ हजार आठशे चाळीस.
कंपनीला छापील बिल लागतं,
ते आगुस्तीनच्या पुतण्यानं मोबाईलवर बनवलं,
माझ्या आडनावात एक चूक करून.
घरी उल्हास म्हणाला, न मोडलेल्या गोष्टीवर दहा हजार?
बायको लॅबमध्ये असून
यानं दोन वर्षं साखर तपासलेली नाही.
सकाळी चहाआधी मी त्याच्या दंडाला पट्टा बांधला.
काही बोललो नाही दोघंही.

नंतरच्या गुरुवारी, रात्रपाळी संपवून परतताना
बोरीच्या पुलावर काहीच झालं नाही.
जुवारी खाली काळी, एक बार्ज दिवे लावून उभी,
मागे ट्रकचा हॉर्न, सुईचा काटा मध्यावर,
काहीच झालं नाही.
एवढंच विकत घेतलं होतं मी,
आणि त्याची पावती कुणी देत नाही.

काढलेला पट्टा आगुस्तीननं पिशवीत घालून दिला होता.
पुरावा म्हणून ठेव, म्हणाला.
तो मी अंगणातल्या मोगरीला बांधलाय,
वाऱ्यानं कलायची ती. चांगला धरतो.

कोऱ्या पानांतलं एक मी सोडून दिलं,
ते अठरा हजार किलोमीटर त्याचे.
पुढच्या पानावर तारीख, किलोमीटर, बिलाचा नंबर,
वॉरंटीसाठी लिहायचं तेवढं सगळं.
खाली, हात थांबला नाही म्हणून:
चवथीआधी ऑइल. उल्हास, एकशे चौऱ्याऐंशी.