स्वल्पविराम

ॲबर्डीनच्या वाचनालयाचं तळघर,
गुरुवारी साडेसहाचा वर्ग.
लेतेब्रहान मासळीच्या कारखान्यातून थेट येते;
लिंबू चोळलं तरी
बोटांचा वास वहीला लागतोच.

मिसेस गेडिस फळ्यावर लिहितात:
बर्फ तापवला तर वितळतो.
हे सगळ्यांना पटतं.
पाऊस आला तर छत्री घेईन.
'तर कशाला? इथे येतोच,' ओरेस्त पुटपुटतो.

मग तिसरा प्रकार,
जे घडलं नाही त्याचा.
बस चुकली नसती, तर वगैरे.
ती पेन्सिल चावते,
इंग्रजीत एकेक शब्द मांडते:

जर मेहारी कॉफीचं भांडं आणायला
मागे फिरला नसता

बाई वाकतात. 'इथे स्वल्पविराम हवा.
जरा थांबायचं, मग पुढे.'

ती त्या रिकाम्या जागेकडे बघत राहते.
'आणि "तर"चं आधी लिहिलं तर?'
'मग नको. सलग.'

खोडरबर. कागद थोडा फाटतो.

मेहारी आज चाळीस वर्षांचा असता
कॉफीचं भांडं आणायला मागे फिरला नसता तर

उभी राहून एका दमात वाचते.

'छान,' बाई म्हणतात,
'कुठेच थांबली नाहीस.'