अंगण वाकडं

आधी मेंढी.
बाप तिला गुडघ्याखाली धरायचा
आणि ती गप्प, जणू कान भलत्याच बोलण्याकडे.
कातरीमागून लोकर उतरायची
तुपकट, काटेकुसळांसकट,
मेंढीच्या अंगाची ऊब अजून धरून.

मग टकळी. आई चालता चालता सूत काढायची,
खेचराच्या मागे, दोन खिंडींच्या मधे,
भांडता भांडतासुद्धा.
भांडणाच्या दिवशी सुताला पीळ जास्त पडायचा.
ते ती ताण्यासाठी बाजूला ठेवायची.
म्हणायची, राग वाया घालवू नये.

लाल रंग मंजिष्ठेच्या मुळ्यांचा, पिवळा डाळिंबाच्या सालींचा.
नीळ मात्र फिरुझाबादच्या दुकानातून,
उधारीवर.

आणि माग म्हणजे काय,
चार खुंट्या जमिनीत, दोन ओंडके,
मधे ताणलेले धागे.
आईच्या डाव्या हाताला मी उकिडवी बसायचे.
दोन धाग्यांना विळखा, टोकं मधून वर,
खाली ओढ, सुरी.
खाली ओढ, सुरी.
ओळ भरली की आडवा धागा, वर लोखंडी पंजाचे ठोके,
ते अजून माझ्या दातांत आहेत.
नक्षी कागदावर नव्हतीच.
‘तीन लाल, एक पांढरी,’ आई सांगायची,
‘मग बघू.’

त्या वर्षी गालिचा निम्माच झाला
आणि गवत संपलं.
खुंट्या उपटल्या. निम्मा गालिचा, निम्मे नुसते धागे
एकत्र गुंडाळून खेचरावर टाकले,
वरून धाकट्या अयाझला बांधला.
एकोणीस दिवस तो त्या गुंडाळीवर झोपला, मुतला, गाणी म्हणाला.

वर डोंगरात तीन खुंट्या गेल्या.
चौथी दगडाला लागली.
बापाने ती हातभर सरकवून ठोकली,
आईने पाहिलं, आणि बसली विणायला.
पाणीही तिथलं निराळं. तीच मंजिष्ठा,
पण लाल उतरला विटकरी.

शिराजच्या बाजारात हाजी केरामतने
गालिचा पालथा केला,
नखाने गाठी मोजल्या, एक वीत, मग आणखी एक.
‘इथे रंग फिरलाय. इथे फुगलाय.’
आई म्हणाली, ‘जमीन वाकडी होती.’
तो हसला. त्याचे नोकरही हसले.
अंगण वाकडं म्हणणाऱ्यावर हसायचीच रीत आहे.

आलेल्या पैशांत निळीची उधारी फिटली,
पीठ, चहा,
आणि मला बूट, एक बोट मोठे.

आता माझ्या घराला सिमेंटची जमीन आहे.
तिच्यात खुंटी जात नाही.
तो गालिचा कुठे गेला कोण जाणे.
कुठल्याशा थंड शहरात
त्या फुगवट्यावर मेजाचा पाय आला असेल,
मेज डुगडुगत असेल,
आणि घरातलं कुणीतरी दर दोन दिवसांनी
कागदाची घडी त्याखाली सरकवत
पुटपुटत असेल,
जमीनच वाकडी आहे.