डाग

नाटक कंपनीनं पोस्टरांचे पैसे दिले नाहीत,
गिटार दिली.
वडशाहून भानुदास नंदेश्वर स्वतः घेऊन आला, टॉवेलात गुंडाळून.
ठेवून घ्या मॅडम, म्हणाला, आता गिटार कीबोर्डातच भेटते,
अन् हिला तर आतून घरघर लागली आहे.

माझं झेरॉक्सचं दुकान. मला सारेगसुद्धा येत नाही.
पण घरघर म्हटल्यावर राहवेना.
पांढऱ्या पत्तीचे अकरा स्क्रू काढून वाटीत ठेवले.
ती दह्याची वाटी आहे, आई म्हणाली.

आत मंडपवाल्याची काळी चिकटपट्टी,
गुलाबी मेकअपचा थोडा भुगा, झुरळाचा एक पंख,
आणि एक तार नुसतीच लोंबत,
आपण कुठून सुटलो ते विसरल्यासारखी.
ती मी केरात टाकली.

आरमोरीत विचारलं, पिकअपचं सामान भेटेल का?
पोरगा म्हणाला, बोलेरोवाले बायपासवर बसतात.
शेवटी दोन पॉट अन् तुरीच्या दाण्याएवढा कपॅसिटर
नागपूरहून एसटीच्या पार्सलात आले.
नंदेश्वर फोनवर सांगत गेला, मी उरलेल्या पोस्टरच्या पाठीवर काढत गेले:
लाल इकडून तिकडं, काळ्या साऱ्या एका जागी.
उजेडात धरलं की समोरची नायिका रडताना दिसते
आणि माझे बाण तिच्या कपाळातून आरपार.

सोल्डरिंगचं आयर्न मोटार वाइंडिंगवाल्या दौलत मानकराचं.
आधी तार तापव बाई, मग शिसं लाव, तो म्हणाला,
शिशालाच तापवशील तर ते नुसतं बसते, धरत नाही.
गळक्या गुंडाला डाग द्यायचे, लुगड्यावर डाग पडायचा,
शब्द एकच.
मी दिलेले पहिले पाच
लुगड्यावरचे.
सहावा पॉटच्या पाठीवर, राखेसारखा मळकट,
नखानं उकरला तर सुटून आला.
सातव्याला लाइन गेली.
आयर्न हातातच गार होत गेलं, आई मोबाइलचा उजेड धरून उभी,
तिला डास चावत होते, ती काही बोलली नाही.
आठवा चमकला.
मी तो तिला दाखवला. ती म्हणाली, हं.

भजन मंडळाचा अॅम्प्लिफायर मागून आणला,
पिन खुपसली.
घरघर तशीच. तारांवर हात ठेवला तरी तशीच,
जणू आग्या मोहोळाला माझी ओळखच नाही.

रात्री पोस्टर पुन्हा पाहिलं. काळ्या तारा मोजल्या.
एक कमी.
लोखंडी पुलाकडं जाणारं बारीक भोक लाकडात होतं,
त्यातून जायची तार
अंगणातल्या ढिगावर, कांद्याच्या सालांखाली.

बाबा राइस मिलवर होते.
दर चैत्रात अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ अन् कोळसा घालून
घागरभर पाणी ओतायचे, मला कडेला उभी करून.
जमीन कोरडी पडली, म्हणायचे,
का मशीन माणसातून वाट काढते.
मला तेव्हा वाटायचं, झाड लावताहेत.

तार धुतली. वाळवली. भोकातून ओवली,
दोन्ही टोकांना डाग दिला, आधी तार तापवून.
पिन खुपसली.
घरघर.
तारांवर तळहात ठेवला:
काहीच नाही. रातकिडे, आणि शेजारच्या सोनकुसऱ्यांचा टीव्ही.
हात उचलला, घरघर.
ठेवला, चूप.
असं मी किती वेळा केलं कोण जाणे.

वाजली का वो? आईनं चुलीपासून विचारलं.
नाही, गप बसली.
मग दोन महिने काय करत होतीस?

वाटीत एक स्क्रू उरला होता, दही लागलेला.
तो उचलायला हात हवा होता.
मी तारांवरून हात काढला नाही.