कळकलेलं पाणी

वाघोडियाकडच्या तळ्यावरून इस्माइलभाई
साडेसातलाच दारात,
तेलाच्या डब्यात चार कटले, वर ओलं गोणपाट.
"बेन, कल्ले जुओ."
कल्ले कसे हवेत, हे तोही जाणतो, मीही.
हे होते तिसऱ्यांदा पिळलेल्या आमसुलासारखे.

पाण्यात लवंगेच्या तेलाचे दोन थेंब.
दाढ ठणकली की आई कापसावर घ्यायची, तेच.
मासा कलला, मग पाठीवर आला.
शेपटीच्या बुंध्याशी, कण्याच्या खालून सुई,
आणि अर्धा मिली रक्त,
तेही कसं, तर मागून आणल्यासारखं.

काचेवर ओढलं, वाळवलं, रंगवलं.
माशाची तांबडी पेशी लांबट असते, मधोमध जांभळा ठिपका.
आपली पेशी तो ठिपका मज्जेतच टाकून देते
आणि रिकामी होऊन ओझी वाहते.
माशाची मरेपर्यंत जवळ बाळगते.
पहिल्या वर्षी हे पाहिलं तेव्हा
मला उगाचच माझी थोरली आत्या आठवली होती,
कनवटीला किल्ली.

आज ठिपके धड नव्हते.
काही चिरलेले, काहींच्या शेजारी
लेकुरवाळ्यासारखा आणखी एक बारका ठिपका.

"तळ्यात काय टाकलंत?"
"शेवाळ फार माजलेली. मोरथूथू."
मोरचूद. निळं, खड्यांचं, दिसायला देखणं.
"किती?"
तो हाताची ओंजळ करून दाखवतो.
"अंदाजे."

माझे बाबा तांबट. मांडवीमागच्या गल्लीत
हंडे किलोवर विकायचे,
आणि मी तांबं मोजते
ते लिटरमागे ग्रॅमचे दहा लाख तुकडे करून.
बाबांना एकदा समजावून सांगितलं होतं मी,
की लोखंड नुसतं पोटात जाऊन भागत नाही,
ते यकृतात पडून राहतं, गोदामातल्या पोत्यासारखं,
तांब्याचा हात लागल्याशिवाय
रक्तात चढत नाही.
त्यांनी ठोकणं थांबवलं.
"म्हणजे लोखंडालाही तांबट लागतो," म्हणाले,
आणि दिवसभर तेच गिऱ्हाइकांना सांगत राहिले.

पुढचं नाही सांगितलं त्यांना:
जस्त, जे रक्तातला कोंडलेला वायू बाहेर घालवतं,
सेलेनियम, पेशीच्या कातडीला गंज चढू न देणारं,
कोबाल्ट तर इतकं थोडं
की आहे म्हणायलाही संकोच वाटावा.
हे सगळं मिळून एका माशात
नखावर मावेल. नखावरही उरेल जागा.

पण ओंजळ?

दुकानात एक बाई आली होती, मी आठवीत असताना.
कल्हई उडालेल्या पातेल्यात कढी ठेवली रात्रभर,
घरातली सगळी माणसं ओकून बेजार.
बाबा तिला रागावले नाहीत.
पातेलं उजेडात धरून
आतून बोट फिरवलं त्यांनी, हिरवट बोट
धोतराला पुसलं आणि म्हणाले,
"तांबं वाईट नाही हो. आंबटाशी एकटं सोडायचं नसतं."
नवसागराचा धूर, कथलाची कांडी, कापूस,
अन् पातेल्यात चंद्र.

तळ्याला कल्हई कशी लावू, इस्माइलभाई?

हे मी बोलले नाही. बोलले ते असं:
अर्धं पाणी काढा, बोअरचं भरा,
आठवडाभर खाणं कमी, चुना मी सांगेन तेवढाच.
"तेवढाच" वर जोर दिला.
त्याने मान हलवली, मग विचारलं,
"उरलेली पुडी परत घेतील का दुकानवाले?"
मला माहीत नव्हतं.

पारुलबेन अकराला येतील, तक्ता मागतील.
हिमोग्लोबिनच्या रकान्यात चार पूर्णांक एक लिहिलं.
तांब्याचा रकाना रिकामा ठेवलाय,
यंत्र तापायला वेळ घेतं.

चारांतल्या तिघांनी डोळा हलवला नाही.
चौथ्याला आजव्याच्या ताज्या पाण्यात सोडलं.
बराच वेळ नुसता तरंगला,
मग कल्ला उघडला, एकदा,
परत एकदा,
आणि वळताना शेपूट बादलीवर आपटली.
प्लॅस्टिकची बादली.
काही वाजलं नाही.