नाव काढणे

गुदैबियात, भांड्यांच्या दुकानावर दुसरा मजला.
शुक्रवारी सुट्टीवाले पुरुष येतात,
जिन्यातच बाही दुमडून.
मी काळा चष्मा देते, माझा घालते.
तापल्या तेलात मोहरी पडावी तसं मशीन तडतडतं,
कातडीवर क्षणभर पांढरं उमटतं,
आणि केस जळाल्याचा वास पडद्यात राहतो,
एसी कितीही वाढवला तरी.

भिकाजी तोडणकर. गुहागरकडचा, हिद्दच्या गोदीत वेल्डर.
त्याने आधी सगळं करून पाहिलं होतं.
चुना नि पापडखार, फडक्यात रात्रभर.
जाडं मीठ, रक्त येईस्तोवर घासून
(खोलीतल्या सिलोनी पोराचा उपाय).
शेवटी बॅटरीतलं पाणी, काडीला कापूस गुंडाळून.
त्या पाण्याने पहिलं अक्षर खाल्लं,
दुसऱ्याच्या डोक्यावरचा रफार खाल्ला,
मग त्याची हिंमत संपली.
निर्मला होती.
मनगटावर उरलं: मला.

मी वाचलं, आणि कुठे बघावं कळेना.
डॉक्टर हनानना मराठी येत नाही.
त्यांनी पट्टी लावली: चार सेंटिमीटर,
पंधरा दिनार एका बैठकीचे,
बैठका सहा, कदाचित आठ.

"आई म्हणालेली, बाहेर चाललायस, नाव काढ.
तेच काढतोय."
तो हसला. मीही, चष्म्याआड.
कोण, हे विचारायला फॉर्मात रकाना नाही.

तिसऱ्या बैठकीत म्हणाला, शाई जाते कुठे?
सगळी जात नाही, मी म्हटलं. मी नुसती फोडते.
चुरा अंगच वेचतं, थोडा बाहेर टाकतं,
थोडा इथे ठेवतं, काखेतल्या गाठीत,
कायमचा.
त्याने दुसऱ्या हाताने काख चाचपली.
"काखेत कळसा," म्हणाला,
म्हणीचं पुढचं बोलला नाही.

माझ्या हनुवटीवर हिरवा ठिपका आहे.
बाजारातल्या बाईने टोचला, आईने माझे हात धरले होते.
डॉक्टर म्हणतात, फुकट काढून देते, किती वेळ लागणार!
बघू, म्हणते मी.
सकाळी फाउंडेशन लावते.
रात्री तोंड धुतलं की तो असतो.

पाचव्या बैठकीला भिकाजी आला नाही.
ला पुसट झाला होता, म अजून काळाच.
एखादं जहाज आलं असेल दुरुस्तीला.
सव्वासातपर्यंत मशीन
मी त्याच्या नावाने चालू ठेवलं.